तीन लाखांचं छप्पर

पत्रा टपकायला लागला की सुशिक्षित माणसाच्या डोक्यात एकच प्रश्न उभा राहतो: दुरुस्त करायचा की बदलायचा? प्रश्न इतका नेटका दिसतो की तो चुकीचा असेल अशी शंकाही येत नाही. तो चुकीचा आहे, हे मला इथे सिद्ध करायचं आहे. माझा अधिकार एवढाच, की मी मराठी आहे, म्हणजे कुठल्याही गावी जाऊन तिथल्या लोकांना पावसाबद्दल चार गोष्टी सुनावण्याचा परवाना मला जन्मतःच मिळालेला आहे. आणि बंगळुरात राहतो, म्हणजे एक्सेल शीट केल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरोखर घडली असं मला वाटत नाही. पत्र्याखाली जन्म काढलेल्या माणसाला पत्र्यातलं माझ्या दसपट कळतं, पण त्याला लेख लिहायला वेळ नसतो. मला कळतं कमी, वेळ मात्र भरपूर आहे. मराठी ललितलेखन बऱ्याच अंशी याच तफावतीवर उभं आहे.

मुळात ‘पत्रा गळतोय’ हे वाक्यच पत्र्यावर अन्याय करणारं आहे. पत्रा सहसा गळत नाही. गळतं ते भोक, आणि ते आपणच पाडलेलं असतं. पत्रा खालच्या पाइपांना आवळून धरण्यासाठी त्यात स्क्रू मारतात आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखाली बोटाच्या नखाएवढी एक काळी रबरी चकती असते. सगळ्या छपराची अब्रू या चकतीच्या हातात. बारा महिने उन्हात राहून ती आधी कडक होते, मग तिच्या कडेला बारीक चिरा पडतात आणि शेवटी नुसतं खरवडलं तरी नखाला काळी भुकटी लागते. त्यात स्क्रू मारताना मशीनचा खटका जरा जास्त वेळ दाबून धरला गेला असेल (आणि धरला जातोच, कारण घट्ट म्हणजे चांगलं हे मिस्त्रीला आणि आपल्याला, दोघांनाही पटलेलं असतं), तर ती चकती पहिल्याच दिवशी चेपून बाहेर आलेली असते. शिवाय पत्रा रोज हलतो. पोलाद एक अंशानं तापलं की मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. पहाटे २० अंशांवर असलेला पत्रा उन्हाळ्यातल्या दुपारी ६० अंशांपर्यंत सहज जातो. म्हणजे वीस फुटी पत्रा दिवसभरात जवळजवळ ३ मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. हा व्यायाम वर्षानुवर्षं चालला की स्क्रूभोवतीचं भोक सैल होणारच. मग पाणी तिथून आत येतं, पाइपाच्या अंगानं चार-सहा फूट चालत जातं आणि भलत्याच ठिकाणी, बहुधा इन्व्हर्टरवर, टपकतं. आपण टपकण्याच्या बरोबर वर बोट दाखवून ‘भोक इथेच आहे’ म्हणतो, मिस्त्री तिथे डांबर फासतो, पुढच्या पावसात पाणी पुन्हा त्याच जागी येतं आणि आपण जाहीर करतो, पत्रा कामातून गेला.

इथे मराठी माणसाला त्याचा अनुभव नडतो. मुंबईत किंवा कोकणात वाढलेल्याला पत्रा ही दर काही वर्षांनी बदलायचीच चीज वाटते, आणि तिथे ते खरंही आहे. त्याचं कारण पत्र्याच्या जन्मकथेत आहे. १८२९ मध्ये लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामरनं लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडण्याचं पेटंट घेतलं, १८३७ मध्ये स्टॅनिस्लास सोरेल या फ्रेंच माणसानं लोखंडावर जस्त चढवण्याचं घेतलं. पन्हळीनं पत्रा ताठ झाला, जस्तानं टिकाऊ झाला. जस्त नुसतं पांघरूण घालत नाही. जस्त शिल्लक आहे तोवर हवापाणी आधी त्यालाच खातं, लोखंडाला हात लावत नाही. म्हणजे पत्र्याचं आयुष्य हा जस्ताच्या शिलकीचा हिशेब आहे. चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असलेल्या स्वस्त पत्र्यावर एका बाजूला साडेआठ मायक्रॉनच्या आसपास थर बसतो. खाऱ्या हवेत वर्षाला चार ते आठ मायक्रॉन जस्त उडून जातं, म्हणजे समुद्रकाठी दोन पावसाळ्यांत पुंजी संपली. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आणि दोन्ही समुद्रांपासून साधारण तीनशे किलोमीटर दूर. इथे हेच जस्त वर्षाला अर्ध्या-एक मायक्रॉनच्या हिशेबानं झिजतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे हजाराच्या आसपास. तरीही बंगळूरचा मराठी माणूस आठ वर्षांच्या पत्र्याकडे बघून ‘आमच्याकडे एव्हाना दोनदा बदलला असता’ असं अभिमानानं सांगतो आणि तिसऱ्यांदा बदलायला निघतो. माझी पहिली तक्रार माझ्यासकट या सगळ्या तज्ज्ञांविरुद्ध आहे.

मग पत्रा बदलायचाच नाही का? बदलायचा, पण तो मेला आहे याची खात्री करून. वर पांढरी भुकटी दिसली तर घाबरायचं कारण नाही. तो जस्ताचा गंज, म्हणजे पहारा अजून चालू आहे. तांबूस डाग दिसला तर जस्त संपलं आणि लोखंडाची पाळी आली. तो डाग पुसून पेचकसाच्या टोकानं दाबून बघावं. टोक आत गेलं नाही तर रंग लावून तो पत्रा अजून बराच काळ काढता येतो. गेलं तर तो पत्रा बदलावा. तो पत्रा, सगळे नव्हेत. एक दात किडला म्हणून कुणी कवळी बसवत नाही. खरी तपासणी मात्र पत्र्याची नसतेच, त्याच्या खालच्या सांगाड्याची असते. आपल्याकडचे फॅब्रिकेटर हल्ली पोकळ चौकोनी पाइप वापरतात. त्यांची तोंडं बंद केली नाहीत तर ओल आत शिरते आणि पाइप आतून गंजतो, बाहेरचा रंग मात्र गृहप्रवेशाच्या दिवसासारखा. हातोडीनं ठोकत गेलं की चांगला पाइप खणकन वाजतो आणि पोखरलेला थप्प करतो, विशेषतः तो जिथे भिंतीत शिरतो तिथे. स्क्रू पुन्हा आवळायला गेल्यावर नुसताच फिरत राहिला, पकडच घेईना, तर खालचं लोखंड गेलं असं समजावं. सांगाडा गेला असेल तर वाद संपला, सगळं उतरवा. सांगाडा शाबूत असेल तर चकत्या बदला, फार तर नवे स्क्रू एक नंबर जाड घ्या, गेलेला एखाददुसरा पत्रा बदला आणि पत्र्यावर साचलेला पालापाचोळा झाडून काढा. रेन ट्री आणि पेल्टोफोरम या झाडांच्या बारीक पाल्याचा ओला थर जोडांवर महिनोन् महिने बसतो आणि पावसानं जे केलं नाही ते निवांत करतो. छपराच्या दुरुस्तीचं सगळ्यात स्वस्त हत्यार खराटा आहे, पण खराट्याचं कोटेशन कुणी देत नाही.

‘एखाददुसरा पत्रा बदला’ हे शब्द मी सहज लिहिले, पण सगळी गोम तिथेच आहे. आधीच्या पत्र्यांचा निळा रंग उन्हानं विटलेला असतो. त्यात एक नवा कोरा, लखलखीत निळा पत्रा बसला की छपराला ठिगळ लावलेलं चारचौघांना दिसतं. चारचौघं म्हणजे कोण? वर फिरणाऱ्या घारी, आणि समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे लोक, ज्यांना आपलं नावही माहीत नाही. तरी त्यांना काय वाटेल याची काळजी आपल्याला इन्व्हर्टरपेक्षा जास्त असते. बदललेली चकती कुणाला दाखवता येत नाही. पाहुण्यांना गच्चीवर नेऊन ‘हे बघा, तीनशे नवीन वॉशर’ असं म्हणणारा माणूस अजून व्हायचा आहे. नवं छप्पर मात्र दाखवता येतं, फॅमिली ग्रुपवर त्याचा फोटो टाकता येतो, त्याखाली अंगठे येतात. शिवाय ‘तीन कोटेशनं घेतली, मधलं घेतलं’ हे वाक्य बोलण्यात जे समाधान आहे, ते कुठल्याही दुरुस्तीत नाही. मला स्वतःला तर्कशुद्ध माणूस म्हणवून घेण्याची हौस असल्यामुळे हे समाधान मी नीट ओळखतो. एक्सेलमध्ये ‘आयुर्मान’ नावाचा रकाना करायचा, त्यात नव्या पत्र्यापुढे पंचवीस आणि दुरुस्तीपुढे तीन वर्षं लिहायची आणि खाली आलेलं उत्तर गणितानं दिलं असं म्हणायचं. पंचवीस आणि तीन हे आकडे कुठून आले, हे विचारणारा रकाना नसतो.

आता एक विषयांतर करतो. संपादकांनी ते कापलं तरी चालेल असं मी नम्रपणे म्हणतो आणि कापणार नाहीत अशी आशा करतो. डागडुजी परवडेना म्हणून वास्तूच मोकळी करायची, हा प्रयोग मराठी माणसानं बंगळुरात एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजेनं शहर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे जवळपास अर्धं शतक हे गाव भोसल्यांचं होतं. चिकपेठेतून पाहुण्यांना फिरवताना ‘हे सगळं एकेकाळी आपलं बरं का’ असं सांगायची इथल्या मराठी माणसाला सवय आहे, मलाही आहे. ते गेलं कसं, हे सांगायच्या वेळी मात्र आम्हाला हटकून कॉफी प्यावीशी वाटते. तर शहाजीराजांमागे बंगळूर आलं त्यांचे पुत्र व्यंकोजींकडे. व्यंकोजींनी तंजावर घेतलं आणि आपलं बस्तान तिकडे हलवलं. मग बंगळूर झालं मालक राहत नाही ते, दुसऱ्या गावातलं, तटबंदीसकट सांभाळायचं घर. किल्ल्यात शिबंदी ठेवा, तिचे पगार पोचवा, पडलेला तट बांधा, आणि हे सगळं तंजावरच्या सुपीक कावेरीकाठी बसून. पुण्यात बसून बंगळूरचा फ्लॅट भाड्यानं देणाऱ्या कुणालाही हे दुःख समजेल. शेवटी व्यंकोजींनी ठरवलं, विकून टाकू. गिऱ्हाईक शेजारीच होतं, म्हैसूरचे चिक्कदेवराज वोडेयार. भाव तीन लाख रुपये. बोलणी पुरी होताहेत तोवर जुलै १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासिमखान फौज घेऊन गावात शिरला, आणि थोड्याच दिवसांत त्यानं तेच गाव, त्याच चिक्कदेवराजांना, त्याच तीन लाखांना देऊन टाकलं. म्हणजे घेणाऱ्याला गाव मिळालं, मधल्या माणसाला पैसे मिळाले आणि मालकाची देखभालीच्या कटकटीतून सुटका झाली. जमिनीच्या व्यवहारात मधल्यानं मलई न्यावी, ही बंगळूरची परंपरा एवढी जुनी आहे. आता हे तीन लाख किती, हे लक्षात घ्या. आजच्या बंगळुरात बऱ्यापैकी गच्चीवर पाइपांसकट नवं कलर कोटेड छप्पर घालायचं म्हटलं तर कोटेशन याच आकड्याच्या आसपास घुटमळतं. एका गच्चीच्या छपराच्या भावात आम्ही अख्खं बंगळूर काढायला निघालो होतो. तेव्हाचा रुपया वेगळा होता हे मला माहीत आहे. अर्थशास्त्राच्या वाचकांनी कृपया पत्र लिहू नये.

विषयांतर असलं तरी ते अगदीच वाया गेलेलं नाही. देखभालीचा खर्च लांबून नेहमी मोठा दिसतो, आणि तो टाळण्याची किंमत लांबून दिसतच नाही. जवळ जाऊन बघणारे वेगळं करतात, याचा पुरावा याच शहरात लालबागेत उभा आहे. तिथल्या काचघराची कोनशिला प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टरच्या हस्ते ३० नोव्हेंबर १८८९ रोजी बसली. ओतीव लोखंड ग्लासगोच्या मॅकफार्लेन कारखान्यातून जहाजानं आलं, नमुना लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा. १९३५ मध्ये जागा अपुरी पडू लागली तेव्हा ते पाडून नवं बांधा असं कुणी केलं नाही. भद्रावतीच्या कारखान्यातलं लोखंड आणून जुन्याला जोड दिली. लोखंड आणि काच, म्हणजे गळण्याच्या दृष्टीनं याहून नाठाळ छप्पर नाही. हजारो सांधे, प्रत्येक सांधा पाण्याला आमंत्रण देणारा. तरी काच फुटली की काच बदलतात, रंग उडाला की रंग देतात आणि जानेवारीत आणि ऑगस्टात त्याखाली पुष्पप्रदर्शन भरतं. ज्याची नक्कल केली तो क्रिस्टल पॅलेस १९३६ साली जळून गेला, तारीख पुन्हा ३० नोव्हेंबरच. या योगायोगातून काहीही सिद्ध होत नाही, पण असा योगायोग हाताशी असताना न सांगणं लेखकाच्या जातीला शक्य नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एकदा नवं केलं की कायमची कटकट मिटते. ‘कायमची’ हा शब्द छपरांना माहीत नाही. नव्या पत्र्यालाही तेच स्क्रू, त्याच चकत्या, आणि त्या चकत्यांना तेच ऊन. शिवाय नवं छप्पर स्वतःचे आजार घेऊनच जन्माला येतं. पत्रा कापायला ग्राइंडर लावतात. ठिणग्या उडतात तिथली कड जळून तिथलं जस्त गेलेलं असतं. स्क्रू मारताना लोखंडाचा बारीक कीस पत्र्यावर पडतो, तो कुणी झाडत नाही, आणि पहिल्या सरीनंतर कोऱ्या निळ्या रंगावर तांबूस ठिपके उठतात. मालकाला वाटतं पत्रा गंजला. गंजला तो कीस, पण तोच तिथे ओला राहिला तर रंग खाऊन पत्र्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आणि सोलर हीटर! २००७ नंतर कर्नाटकात बऱ्याच नव्या घरांना तो सक्तीचा झाल्यापासून बंगळूरच्या गच्च्यांवर त्याच्या टाक्यांची वस्तीच आहे. त्याच्या तांब्याच्या नळीतून थेंब थेंब गळणारं पाणी जस्तावर पडत राहिलं की जस्त भराभर विरतं. जुना पत्रा त्या एका जागी खाल्ला गेला म्हणून सगळं छप्पर बदलायचं आणि नळी तशीच ठेवायची, हा उपाय आपण मोठ्या विचारानं करतो. भोकात सिमेंट भरणाऱ्यांबद्दलही एक शब्द: ओलं सिमेंट जस्ताला आणि ॲल्युमिनियमला दोघांनाही खातं. भोक बुजतं आणि त्याच्याभोवती नवं भोक सुरू होतं.

दुसरा आक्षेप उकाड्याचा. नवा पत्रा थंड असतो म्हणतात. बंगळूरला आता पंख्याशिवाय भागत नाही, एप्रिल २०१६ मध्ये इथला पारा ३९ अंशांच्या वर गेला होता, हे सगळं मान्य. पण पत्रा थंड ठेवतो तो त्याचा रंग आणि त्याखालचं अस्तर, त्याचं वय नव्हे. जुन्याच पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर तो नव्या गडद निळ्या किंवा विटकरी पत्र्यापेक्षा थंड राहतो. पांढरा मात्र कुणाला नको असतो, तो कारखान्यासारखा दिसतो. पुन्हा घारी आणि चौथा मजला.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि त्यापुढे माझा सगळा युक्तिवाद लटका पडतो. दुरुस्तीला माणूस मिळत नाही. फॅब्रिकेटर येतो, खालूनच वर बघतो, ‘पूर्ती चेंज माडबेकु सार’ (सगळंच बदलावं लागेल साहेब) म्हणतो आणि टेपनं गच्ची मोजायला लागतो. तो लबाड असतो असं नाही. त्याचा हिशेब साधा आहे: चकत्या बदलायला दोन माणसं एक दिवस वर चढवायची, मजुरी दोन-चार हजार, आणि नंतर कुठेही थेंब पडला तरी वर्षभर फोन त्यालाच. सबंध छपरात त्याला लोखंडावर सुटतं, पत्र्यावर सुटतं, जुना पत्राही नेता येतो. दुरुस्ती ही आपण सगळ्यांनी मिळून अप्रतिष्ठित केलेली गोष्ट आहे. मोबाइलचा स्क्रीन, मिक्सर, छत्री, बूट, सगळीकडे दुरुस्त करणाऱ्याला आपण नव्याच्या किमतीशी तोलून घासाघीस करतो, आणि मग तो धंदा सोडून गेला की कारागीर राहिले नाहीत म्हणून हळहळतो. याचा मला राग येतो. घासाघीस करणाऱ्यांच्या रांगेत मीही असतो म्हणून तो जरा दबक्या आवाजात येतो, एवढंच.

आणि वर चढणारा माणूस. जुन्या छपरावर चालणं धोक्याचं असतं, म्हणून बदलणंच बरं, असंही एक म्हणणं आहे. पण बदलायलाही कुणीतरी त्याच जुन्या पत्र्यावर चढतोच, आणि सगळे पत्रे सोडवीपर्यंत त्यावर वावरतो. पत्रा पाइपावर भक्कम असतो, दोन पाइपांच्या मधे नसतो. म्हणून जाणता माणूस पाय नेहमी स्क्रूंच्या ओळीवर ठेवतो. उजेडासाठी मधे मधे फायबरचे अर्धपारदर्शक पत्रे बसवलेले असतात. काही उन्हाळ्यांनी ते ठिसूळ होतात, धूळ बसून बाकीच्या पत्र्यांच्याच रंगाचे होतात, आणि त्यावर पाय पडला की माणूस थेट खाली येतो. सिमेंटच्या ॲस्बेस्टॉस पत्र्याचंही तेच, शिवाय त्याची धूळ छातीत जाते. दोरी, पट्टा, पाय ठेवायला आडवी फळी, एवढ्यानं हे टळतं. कोटेशनमध्ये रंगाची सोळा नावं असतात, दोरीची ओळ नसते. आपणही ती विचारत नाही, कारण विचारली तर तिचे पैसे द्यावे लागतील.

काढलेला पत्रा कुठे जातो, हे एकदा बघण्यासारखं आहे. तो भंगारात किलोवर विकला जातो, पण वितळायला जात नाही, निदान लगेच नाही. बांधकामांच्या कडेला रायचूर, यादगीर, बिहार, ओडिशाहून आलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या असतात. त्यांच्या भिंतींकडे आणि छपरांकडे जवळून बघावं. पत्र्यांवर सरळ रेषेत जुन्या स्क्रूंची भोकं असतात, दोन भोकांमधलं अंतर आधीच्या मालकाच्या गच्चीतल्या पाइपांचं. काही भोकांत एम-सील, काहींत प्लॅस्टिकच्या पिशवीचा बोळा, वर निळी ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून टायर. आपण ज्याला मृत ठरवलं त्या पत्र्याखाली एक संसार अजून चालला आहे, मुलं त्याखाली अभ्यास करतात, आणि इमारत पुरी झाली की तोच पत्रा उतरून पुढच्या साइटवर जातो. पत्रा संपला होता हे आपलं म्हणणं खोटं होतं, याहून ठळक पुरावा मला देता येणार नाही. आणि त्या खोलीत राहणाऱ्यांना दुरुस्त की नवा हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही.

तेव्हा हे वाचून कुणाला हातोडी आणि पेचकस घेऊन गच्चीवर जावंसं वाटलं तर एवढं करा. आधी पाइप ठोकून बघा. ते चांगले असतील तर फॅब्रिकेटरला सबंध छपराचं नव्हे, चकत्या, स्क्रू आणि गेलेल्या पत्र्यांचं कोटेशन मागा, आणि त्याला परवडेल अशी मजुरी द्या. त्यात दोरी, पट्टा आणि फळी यांची ओळ वेगळी लिहून घ्या, तिच्यावर घासाघीस करू नका. सोलरची नळी आधी दुरुस्त करा. काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका. बंगळुरात तेव्हा पाऊस नसल्यात जमा असतो, पत्रा कोरडा असतो आणि सीलंट धरतं. एप्रिलच्या पहिल्या वळवानंतर अख्खं शहर एकाच वेळी फोन लावतं आणि कुठलाही फॅब्रिकेटर तो उचलत नाही.